'सगळे पैसे रोखीतच न्या' हा सल्ला महागात पडतो

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: परदेशी जाताना कार्डाच्या भानगडीत पडू नका. निघण्यापूर्वीच सगळी रक्कम त्या देशाच्या चलनात रोख बदलून घ्या, म्हणजे दर वाढायची भीती नाही. 'कमिशन नाही' अशी पाटी असेल तिथेच बदला. कार्ड वापरायची वेळ आलीच तर मशीनवर आपल्या देशाचं चलन निवडा. आणि तिकडच्या एटीएमला हातही लावू नका. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हा सल्ला पाळतात ते बहुधा पहिल्यांदाच परदेशी निघालेले लोक, आणि भुर्दंड त्यांनाच बसतो, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

'कमिशन नाही' या पाटीपासूनच सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. चलन बदलून देणाऱ्याची खरी कमाई विक्रीचा दर आणि खरेदीचा दर यांच्यातल्या फरकात असते. या दोन्हींच्या मधला, बाजारात चालू असलेला दर कुणालाही फोनवर पाहता येतो. समजा तो 100 आहे. काउंटरवाला परकीय चलन 106 ला विकतो आणि 94 ला परत घेतो. तुम्ही 1,000 घेतलेत तर 1,06,000 मोजलेत. पावतीवर कमिशन शून्य, पण 6,000 गेले. सहलीनंतर त्यातले 300 उरले आणि तुम्ही ते परत विकले. त्यांच्यासाठी 31,800 दिले होते, हातात येतात 28,200. जे पैसे वापरलेच नाहीत त्यांच्यावर 3,600 चा तोटा! सगळी रक्कम आधीच बदलून घेणाऱ्याकडे असे पैसे हमखास उरतात. विमानतळावर हा फरक सहसा आणखी मोठा असतो, कारण तिथे गिऱ्हाईक घाईत असतं आणि दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून कुठल्याही काउंटरवर एकच विचारा: सगळं धरून एवढ्या रकमेचे माझ्या हातात किती पडतील?

दर वाढायची भीती खोटी नाही. पण दर उतरूही शकतो, आणि तो कुठे जाणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. निश्चिंती हवीच असेल तर परकीय चलन आधी भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड मिळतं. त्यातही दर बांधला जातो. फक्त ज्या चलनात भरलंय त्याच चलनात ते वापरा, नाहीतर दुसऱ्यांदा रूपांतराचा खर्च लागतो.

आता मशीनवर आपलं चलन निवडण्याचा सल्ला. हा तर उघड चुकीचा आहे. आपलं चलन निवडलं की रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूची सेवा देणारी कंपनी लावते, आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. स्थानिक चलन निवडलं तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो, वर तुमच्या बँकेचं शुल्क काय ते लागतं. आणि काही बँका, आपलं चलन निवडलं तरी, व्यवहार परदेशातला म्हणून स्वतःचं शुल्क घेतातच. ओळखीचा आकडा दिसल्याने माणसाला बरं वाटतं आणि तो बटण दाबतो. ग्राहकाला हा बोजा दिसत नाही म्हणूनच युरोपीय संघाने 2019 मध्ये नियम केला आणि 2020 पासून असा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते आधी दाखवणं बंधनकारक केलं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथे रूपांतर नाकारलं तरी पैसे मिळतात, व्यवहार रद्द होत नाही.

एटीएमबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, कारण त्यावर शुल्क लागतं आणि व्याज सहसा पहिल्या दिवसापासून सुरू होतं. डेबिट किंवा प्रीपेड कार्डावर मात्र दर वेळचं ठरावीक शुल्क असतं, तेव्हा थोडे थोडे पैसे अनेकदा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा.

आणि रोख सगळीकडे चालते हेही खरं नाही. लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख घेत नाहीत. स्वीडनमध्ये कितीतरी दुकानं फक्त कार्ड घेतात. ट्युनिशियाचा दिनार तर देशाबाहेरून नेताच येत नाही, तिथे पोचल्यावरच बदलावा लागतो. कुणी प्रेमाने दिलेले जुने पाउंड असतील तर तेही तपासा. कागदी 20 आणि 50 पाउंडच्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर चलनात नाहीत.

मेसेज एका बाबतीत बरोबर आहे, आणि ते मान्य करायला हवं. रशियात मार्च 2022 पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं चालत नाहीत, इराणमध्येही चालत नाहीत. अशा ठिकाणी रोखीला पर्याय नाही. पण इतरत्र सगळी रोकड एका पाकिटात घेऊन फिरणं मला धोक्याचं वाटतं. कार्ड हरवलं तर एका फोनवर बंद होतं, हरवलेल्या नोटा परत मिळत नाहीत, आणि प्रवास विम्यात रोख रकमेची भरपाई असलीच तर ती थोडी असते. पहिल्या एक-दोन दिवसांपुरती रोख, दोन वेगळ्या नेटवर्कची कार्डं (म्हणजे एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं), आणि ती दोन वेगळ्या बॅगांत, एवढी तयारी निघण्यापूर्वी करा. हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीसाठी अनामत अडकवून ठेवतात, त्याला क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर तुमच्याच खात्यातली रक्कम काही दिवस गोठते, आणि सहलीत नेमकी तीच लागणार असते.