घड्याळ पार्किन्सन्सचं निदान करत नाही

‘स्मार्टवॉच घाला, पार्किन्सन्स सात वर्षं आधी कळेल, डॉक्टरांची गरज नाही’ असा मजकूर फिरतो आहे. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. त्यातली ‘सात वर्षं’ हवेतून आलेली नाहीत. 2023 मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या मनगटावरच्या सेन्सरच्या आठवडाभराच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पुढे पार्किन्सन्सचं निदान झालं, त्यांच्या हालचाली निदानाच्या सात वर्षांपर्यंत आधीच मंदावलेल्या दिसल्या. पण ते संशोधन होतं, घरबसल्या करायची चाचणी नव्हे.

विश्रांतीत असलेल्या हाताला सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा येणारा कंप सेन्सर छान टिपतो. स्नायूंचा ताठरपणा मात्र डॉक्टरांना हात हलवूनच पाहावा लागतो. शिवाय कंप थायरॉइडमुळे किंवा काही औषधांमुळेही येतो, आणि पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना कंप नसतोच. ‘घड्याळ काही दाखवत नाही’ म्हणून कुणी तपासणी टाळू नये, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

निदान झालेल्यांना सेन्सरचा खरा उपयोग होतो. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा परिणाम कधी उतरतो, अनैच्छिक हालचाली कधी वाढतात, हे दवाखान्यातल्या छोट्या भेटीत दिसत नाही. अनेक दिवसांच्या नोंदीत दिसतं. ती नोंद डॉक्टरांना जरूर दाखवा, पण तिच्या भरवशावर गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नका.