बेलफ्रीतली 'बेल' मागाहून आली

चर्चच्या मनोऱ्याचा फोटो लावून 'बेलफ्री' (घंटेचा मनोरा) या इंग्रजी शब्दाबद्दल एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात म्हटलंय: 'बेलफ्री हा शब्द बेल म्हणजे घंटेवरून आला. बेलफ्री म्हणजे चर्चचाच मनोरा. घंटेचा शोध इटलीतल्या नोलाचे संत पॉलिनस यांनी इ.स. 400च्या सुमारास लावला.' तिन्ही विधानं तपासली की कोसळतात.

आधी घंटेचं बघू. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून उचलला, तेव्हा तो 'बेर्फ्रे' असा होता. फ्रेंचमध्ये घंटेला 'क्लॉश' म्हणतात, मग तिथे 'बेल' येणार कुठून? फ्रेंचांनी तो जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या कुळातल्या भाषांतून घेतला. बहुतेक कोशकार त्याची फोड 'राखणे' आणि 'अभय' अशी करतात. हे नाव होतं वेढ्याच्या लढाईतल्या लाकडी मनोऱ्याचं. चाकांवरचा हा मनोरा ढकलत तटाला भिडवायचा, आतले शिपाई बाणांपासून आडोशाला राहायचे आणि वरच्या मजल्यावरून फळी टाकून तटावर उतरायचे. पुढे पहाऱ्याच्या मनोऱ्यालाही तेच नाव पडलं. पहारा म्हटला की इशाऱ्याची घंटा आलीच. इंग्रजीत 'घंटेचा मनोरा' हा अर्थ रुळला तो थेट 15व्या शतकात.

राहिला 'र'चा 'ल'. एका शब्दात दोन 'र' आले की जीभ त्यातला एक बदलून टाकते. आपल्याकडे 'रलयोरभेदः', म्हणजे 'र' आणि 'ल'मध्ये भेद नाही, असं म्हणतातच. हरिद्रेची हळद अशीच झाली. मध्ययुगीन लॅटिनमध्येही 'बेलफ्रेडस' असं रूप मिळतं, आणि लॅटिनचा 'बेल'शी काही संबंध नाही. इंग्रजांना मात्र त्यात आपली 'बेल' ऐकू आली आणि 'ल' कायमचा बसला. थोडक्यात, मजकूर लिहिणाऱ्याच्या आधी खुद्द इंग्रजच फसले होते!

'चर्चचाच मनोरा' हेही खरं नाही. फ्रेंचमध्ये चर्चचा तो 'क्लोशे', आणि 'बेफ्र्वा' म्हणजे नगराचा. बेल्जियममधल्या ब्रूजचा 83 मीटर उंच बेलफ्री बाजारपेठेच्या इमारतीवर उभा आहे. नगराला मिळालेल्या सनदा आणि खजिना तिथे कडीकुलपात असे. 1280च्या आगीत दप्तर जळालं ते तिथलंच. आग लागली, कामाची वेळ झाली, की घंटा तिथून वाजायची. बेल्जियम आणि फ्रान्समधले असे 56 बेलफ्री युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांत थोडे चर्चचेही आहेत, पण यादीचा मुख्य भर नगरांच्या स्वातंत्र्यावर आहे.

पॉलिनसांची गोष्ट दोन ओळींत आटोपते. आपल्या चर्चचं वर्णन करणारं त्यांचं सविस्तर पत्र उपलब्ध आहे आणि त्यात घंटेचा उल्लेखच नाही. लॅटिन 'कँपाना' म्हणजे घंटा. हे नाव नोला ज्या कँपानिया प्रांतात आहे तिथल्या काशावरून पडलं, एवढ्या धाग्यावर पुढे दंतकथा विणली गेली. चीनमध्ये तर इ.स.पूर्व 5व्या शतकातल्या एका सरदाराच्या थडग्यात सुरात लावलेल्या 65 काशाच्या घंटा मिळाल्या आहेत.