पद्मिनी निंबाखाली नुसती उभी नव्हती, साहेब

नमस्कार साहेब. दोन दिवसांत देतो म्हटलेली तुमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चौथ्या दिवशी दिली, वरून तुमचे फोनही उचलले गेले नाहीत. चूक माझी, माफ करा.

पण "दीडशेच्या कॉन्डेन्सरचे 2,600 घेतले आणि गाडी चार दिवस झाडाखाली नुसती उभी ठेवली" हे जे तुम्ही गॅरेजच्या रिव्ह्यूत लिहिलं, ते लई लागलं. आर्वीत इतकी वर्षं गॅरेज चालवून राहिलो, गाडी उभी ठेवून पैसे घेतले असं आजवर कोणी म्हटलं नाही.

तुमची तक्रार काय होती? सकाळी एका सेल्फात सुरू होते, अर्ध्या तासानं मिसिंग मारते, झटके देत बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू. असा फॉल्ट थंड इंजिनात सापडत नाही जी. गाडी तापवून सत्याग्रही घाटाकडे न्यायची आणि बंद पडली की तिथंच बॉनेट उघडायचं. मे महिन्यात पहिला संशय पेट्रोलवर, लाइनीत वाफ धरते म्हणून. इंजिनवरच्या फ्युएल पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, फरक नाही. मग प्लगला येणारा करंट, म्हणजे ठिणगी, पाहिली. कडक निळी पाहिजे, ती पिवळी अन् मरतुकडी. प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडला तर आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळालेले. तेव्हा कुठं कॉन्डेन्सर पकडला, म्हणजे पॉइंट जळू न देणारा छोटा भाग. दर फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड करावं लागते, नाहीतर पुढच्या फेरीत काही कळत नाही. तुम्ही सकाळी अकराला पाहिली ती थंड व्हायला लावलेली गाडी. दुपारी दोनला आले असते तर मी घाटात घाम गाळताना दिसलो असतो.

आणि पहिला दिवस कुठं गेला? प्लग काळेकुट्ट, कार्बोरेटरचा हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू कोणीतरी फिरवलेला. विचारलं तर तुम्ही "हात नाही लावला" म्हणाले. गाडी नेताना तुमचा मुलगाच बोलून गेला, पप्पांनी व्हिडिओ पाहून फिरवला. जाऊ द्या. तिसरा दिवस नागपूरहून आलेल्या नव्या कॉन्डेन्सरनं खाल्ला, तोच खराब निघाला. त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले नाहीत. बिलात नुसता कॉन्डेन्सर नाही, पॉइंट, चार प्लग, मजुरी आणि पेट्रोलचा पाइप आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुना रबर लिबलिबीत झाला होता. माझ्याकडे कॉम्प्युटरनं फॉल्ट शोधायचा स्कॅनर नाही म्हणता, पण पद्मिनीत कॉम्प्युटरच नाही, तो लावायचा कुठं?

काल एक जण जीप आणणार होता, तुमचं वाचून वर्ध्याला गेला. माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, साहेब.

फोनचं काहीतरी करतो, दिवसही यापुढं वाढवूनच सांगीन. जुना कॉन्डेन्सर अन् जळालेले पॉइंट कागदात गुंडाळून तुमच्या डिकीत, जॅकजवळ ठेवले आहेत. एकदा पाहून घ्या.