एंटर दाबून बघ की

अपडेट झालं, रीस्टार्ट झालं, आणि परवापर्यंत पाण्याची बाटली भरून येईपर्यंत उभी राहणारी माझी व्हर्च्युअल मशीन काळ्या स्क्रीनवर लाल चांदण्या इकडून तिकडे नाचवत बसली. खाली एकच ओळ, की नेटवर्क कॉन्फिगर व्हायची वाट बघतोय, आणि शेजारी पळणारं घड्याळ. लॉग बघा, लॉग बघा (मशीनने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी) असं सगळे सांगतात, पण लॉग बघायला आधी आत तर जाता आलं पाहिजे ना.

तेवढ्यात मागे अकाउंट्सचे सर येऊन उभे राहिले. प्रिंटरवर त्यांचं काहीतरी यायचं होतं, ते येईपर्यंत त्यांना माझी स्क्रीन सापडली. कोणी मागे उभं राहून आपली स्क्रीन वाचायला लागलं की मला टायपिंगसुद्धा जमत नाही, इथे तर टाइप करण्यासारखंही काही नव्हतं.

"अडकलं वाटतं?"

"नाही सर, थांबलंय."

"हे नो लिमिट काय लिहिलंय?"

"किती वेळ थांबायचं त्याला मर्यादा नाही, असं म्हणतोय."

"मग बरंय की, अनलिमिटेड आहे."

मी मान हलवली. त्यांना वाटलं मला पटलं.

"पण थांबलंय कोणासाठी?"

"बहुतेक दुसऱ्या नेटवर्क कार्डासाठी. त्याला काही जोडलेलं नाहीये."

"मग जोड ना वायर. एवढं काय त्यात!"

"सर, वायर नसतेच. कार्डपण खरं नाहीये. मुळात मशीनच खरी नाहीये, ह्या कॉम्प्युटरच्या आत चालवलेला दुसरा कॉम्प्युटर आहे तो."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टेबलाखालच्या डब्याकडेही वाकून बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "मग बिघडलंय काय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. खोट्या मशीनमधलं खोटं कार्ड खोट्या वायरीची वाट बघतंय, आणि वेळ तेवढा माझा खरा जातोय.

"एंटर दाबून बघ की."

"त्याने काही होत नाही सर."

"अरे दाबून तर बघ, नुसतं बसून कसं चालेल," असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि दाबला. आणि त्याच क्षणी, मी खोटं सांगत नाही, एक लाल फेल्डची ओळ आली आणि पाठोपाठ सगळं भराभर वर सरकत लॉगिन दिसायला लागलं. "बघ, अडकलेलं फेल करून टाकलं," म्हणाले, प्रिंटरवरचे कागद उचलले आणि गेले.

आता ह्यातलं खरं काय ते ऐका. वाट बघायचं काम करणारी जी सर्व्हिस आहे तिचा स्वतःचा टाइमआउट १२० सेकंदांचा असतो. स्क्रीनवर नो लिमिट लिहिलेलं असलं तरी १२० सेकंद झाले की ती आपसूक हात टेकते आणि बूट, म्हणजे मशीन सुरू व्हायचं काम, पुढे सरकतं. सरांचं बोट १२०व्या सेकंदाला पडलं, बास. पण हे समजावायला मी उठेपर्यंत त्यांनी पॅसेजमध्ये चार जणांना सांगितलंही होतं.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे, बटण दाबून मशीन सुरू होणं हे एकेकाळी खरंच व्हायचं. २०१८च्या सुमारास लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, रँडम नंबरांबद्दलची एक सुरक्षेची दुरुस्ती आली, त्यानंतर बऱ्याच व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बूट होताना पुरेशी एंट्रॉपी, म्हणजे रँडम नंबर बनवायला लागणारा कच्चा गोंधळ, गोळा होईपर्यंत गप्प बसून राहायच्या, आणि कीबोर्ड बडवला की ती लवकर गोळा व्हायची. २०१९च्या ५.४ कर्नलनंतर तो उपाय संपला. म्हणजे सर चुकीचे नव्हते, नुसते जुने होते. हे मी त्यांना कधीही सांगणार नाही.

मग आत शिरून सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम चालवलं, म्हणजे बूट होताना कोणी किती वेळ खाल्ला त्याची यादी काढणारी कमांड. हा सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये बाकी सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम, २०१० साली आला तो सगळी कामं एकदम सुरू करून बूट झटपट करतो म्हणत, आणि आज त्याच्याकडेच उशीर कोणामुळे झाला ते विचारायची सोय आहे. त्यातही ब्लेमच्या यादीत वर आलेला गुन्हेगार असेलच असं नाही, तो बिचारा दुसऱ्या कोणासाठी खोळंबलेला असू शकतो, हे त्यांच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. म्हणून क्रिटिकल-चेन बघितली, म्हणजे कोण कोणासाठी थांबलंय ती साखळी. लॉगिन थांबलं होतं नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी, फोल्डर थांबलं होतं नेटवर्कसाठी, नेटवर्क थांबलं होतं त्या रिकाम्या कार्डासाठी. त्या कार्डासाठी थांबू नकोस अशी रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन नो ही एक ओळ मी पूर्वीच घालून ठेवली होती, अपडेटने ती फाइल स्वच्छ कोरी करून ठेवली. ओळ परत घातली, रीस्टार्ट केलं, चांदण्या गायब.

आणि ह्या अपडेटच्या माहितीत काय होतं, तर किरकोळ सुधारणा. बास, पुढे एक अक्षर नाही. कोणाची फाइल बदलली, का बदलली, विचारायचं तरी कोणाला. दोन मिनिटांनी काय होतंय म्हणणारे भेटतात, त्यांनी दिवसभर टेस्टिंगसाठी तीच मशीन पाडून उभी करून बघावी एकदा, मग बोलावं.

आज दुपारी पलीकडच्या टीममधल्या एकीची व्हीएमपण त्याच ओळीवर अडकली. तिकडे जाऊन ती ओळ घालून देणार होतो, तोवर तिने सरांना फोन लावला होता, आणि सर जेवण अर्धं टाकून निघालेपण होते.