साबाचा वजनकाटा

माझं वजन नेमकं किती, हे गेली सत्तावीस वर्षं आमच्या घरातलं एक सभ्य गुपित होतं. ‘ऐंशीच्या आत’ एवढंच मी सांगायचो आणि हिनेही कधी खोदून विचारलं नाही. ते गुपित कॅरिबियन समुद्रातल्या सिंट मार्टेन बेटावर, रांगेतल्या अनोळखी माणसांच्या देखत, एका हसऱ्या पोरीने मोठ्या आवाजात फोडलं.

झालं असं, की अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या बहिणीची मुलगी साबा नावाच्या बेटावर डॉक्टरकी शिकते. अमेरिकेतली बरीच मुलं अशी कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांत जातात. आम्ही जानेवारीत बहिणीकडे गेलो होतो. संक्रांत तोंडावर होती आणि बहिणीला सुट्टी नव्हती. “दादा, तूच जाऊन ये ना तिच्याकडे,” असं म्हणत तिने तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या, मेतकूट आणि चकल्या अशी शिदोरी माझ्या खांद्याच्या पिशवीत भरली. “छोटंसं बेट आहे, पटकन जाऊन येशील.” माझी बहीण तिथे कधी गेलेली नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

साबा म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे दोन हजार. आमच्या सोसायटीच्या चार विंग मिळून जेवढी भांडणं होतात, तेवढी माणसं. बेट नेदरलँड्सचं, पण लोक बोलतात इंग्रजी आणि नोटा चालतात डॉलरच्या. इथला माउंट सीनरी हा समस्त डच राज्यातला सर्वात उंच डोंगर. हॉलंडवाल्यांचं कळसूबाईच म्हणा, फक्त उंचीला निम्मं.

असल्या डोंगरावर सपाट जागा कुठून आणायची? लाव्हा वाहत येऊन समुद्राकाठी थिजला, त्याचा एक सपाट तुकडा तेवढा आहे. त्याचं नाव फ्लॅट पॉइंट. शेजारच्या सेंट बार्ट्स बेटावरचा वैमानिक रेमी द हानेन याने ती जागा हेरली, गावकऱ्यांनी हातांनी दगडधोंडे उचलून ती साफ केली आणि १९५९ साली त्याने तिथे विमान उतरवून दाखवलं. रीतसर विमानतळ झाला १९६३ साली. हुआन्चो इराउस्किन हे त्याचं नाव भाचीने मला तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा मी ‘फ्लॅट पॉइंट’ म्हणू लागलो.

धावपट्टीची लांबी ४०० मीटर. नियमित प्रवासी विमानं उतरतात अशी जगातली सगळ्यात आखूड धावपट्टी हीच. शाळेच्या मैदानाला एक चक्कर मारली की आपली दमछाक होते, ते अंतर. मुंबईच्या मुख्य धावपट्टीत असल्या आठ सहज बसतात. मी पुणेकर, त्यामुळे लगेच हिशेब केला: डेक्कन क्वीन इंजिनासकट इथे उभी केली तर मावेल न मावेल, आणि गार्डाला उतरताना खाली समुद्र दिसेल. कारण पट्टी संपते तिथे कडा आहे. सुरू होते तिथेही कडाच. आणि एका बाजूला डोंगर. भरीस भर म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढरी भलीमोठी फुली मारलेली आहे. फुलीचा अर्थ, इतर विमानांनी इकडे फिरकू नये. खास परवानगी असलेली विमानं आणि खास शिक्षण घेतलेले वैमानिक तेवढे येतात. ही सगळी माहिती मी आदल्या रात्री वाचली आणि हिला सांगितली नाही. संसारात काही गोष्टी नवऱ्याने एकट्यानेच सोसायच्या असतात.

न्यूयॉर्कहून सिंट मार्टेनपर्यंतचा प्रवास रीतसर मोठ्या विमानाचा. तिथे मोठी विमानं माहो बीचवर पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातात आणि लोक मुद्दाम तिथे उभे राहून हात वर करतात; हौसेला मोल नाही. तिथे उतरून आम्ही साबाच्या विमानासाठी काउंटरवर गेलो. तिथल्या पोरीने बॅग वजनाला लावली आणि मग खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, “तुम्हीपण, सर.”

“मी?”

“छोटं विमान आहे ना, सर. पिशवी घेऊनच उभे राहा.”

मी काट्यावर उभा राहिलो. पोट आत घेतलं. पोट आत घेतल्याने वजन कमी होत नाही, हे दहावीच्या भौतिकशास्त्रात शिकलो होतो, पण प्रसंगी शास्त्र उपयोगी पडत नाही. पोरीने काटा वाचला आणि शेजारच्या लिहून घेणाऱ्याला खणखणीत आवाजात सांगितलं, “वन नाइंटी-टू!”

एक गोष्ट मात्र देवाच्या कृपेने बरी झाली. आकडा पौंडांत होता. हिने माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी सुटलो असं समजलो.

विमान म्हणजे ट्विन ऑटर. आमच्याकडे पूर्वी सहा आसनी रिक्षा धावायच्या, तिला पंख लावून एकोणीस आसनं बसवली की झालं. दोन पंखे, आत न जाणारी चाकं, आणि वैमानिक इतके जवळ की पाठीमागून खांद्यावर थाप मारून ‘पुढच्या स्टॉपला थांबवा’ म्हणता यावं. आमच्यापुढे मधे दारच नव्हतं, त्यामुळे समोरच्या काचेतून जे त्यांना दिसत होतं तेच आम्हालाही. ही सोय आहे की शिक्षा, हे पहिली दहा मिनिटं ठरवता आलं नाही. अकराव्या मिनिटाला ठरलं.

समोरच्या काचेत डोंगर आला. नुसता डोंगर. आकाश नाही, धावपट्टी नाही, उभा काळपट कडा आणि त्यावरची झुडपं. झुडपांची पानं दिसू लागली. मी मनात ‘भीमरूपी महारुद्रा’ सुरू केलं. वैमानिक एका हाताने काहीतरी ओढत होता, दुसरा पायाने काहीतरी दाबत होता, आणि मला भिंतीवर पाल बघावी तशी त्या कड्यावरची एक शेळी दिसली. आता डावीकडे वळायला हवं, असं मला वाटलं. वैमानिकालाही वाटलं. विमान डावीकडे कललं, कडा उजव्या खिडकीत सरकला आणि समोर रुमालाएवढी धावपट्टी दिसली. नेमक्या त्या क्षणी हिने माझा दंड घट्ट धरला. मी धीर द्यायला वळलो.

“सत्त्याऐंशी!” ही म्हणाली.

“काय?”

“अहो, एकशे ब्याण्णव भागिले दोन पॉइंट दोन. सत्त्याऐंशी किलो!”

चाकं टेकली, पंखे उलटे गरजले, आम्ही सगळे पुढे झुकलो आणि कडा अजून बराच लांब असताना विमान उभं राहिलंसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र “पिशवी होती खांद्यावर, लाडू होते त्यात” हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणत होतो. जगातल्या सर्वात आखूड धावपट्टीवर उतरण्याचा अनुभव कसा असतो, असं मला अजूनही लोक विचारतात. मी तो घेतलेला नाही. मी तेव्हा घरगुती चौकशीला उत्तरं देत होतो.

विमानतळाची इमारत एसटीच्या तालुका स्टँडाइतकी, फक्त स्वच्छ. पासपोर्टवर शिक्का मारला गेला आणि मग कळलं, की आमची मोठी बॅग आलीच नाही. वजनाचा हिशेब जुळेना म्हणून ती मागे ठेवली होती. पुढच्या विमानाने येईल. ते विमान कधी? “वारा बरा असला तर संध्याकाळी. नाहीतर उद्या.” सांगणाऱ्याच्या आवाजात खंत नव्हती की घाई नव्हती. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिने हळूच विचारलं, “बॅग सत्त्याऐंशी किलोची होती का?” मी तोंड मिटलं.

जाणाऱ्यांनी एवढं माझ्याकडून ऐकावं: एक कपड्यांचा जोड, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दात घासायचा ब्रश हे हातातल्या पिशवीत ठेवावं. मी ठेवले होते लाडू. ती रात्र मी भाचीच्या टी-शर्टमध्ये काढली. त्यावर पाठीच्या मणक्यांचं चित्र होतं आणि तो माझ्या मणक्यांपर्यंत पोचत नव्हता.

विमानतळावरून वर जायचा रस्ता म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. वळणावर वळण, वरंध घाटाची आठवण व्हावी असं. इथे रस्ता होऊच शकत नाही, असं डच इंजिनिअर सांगून गेले होते. मग जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या गावकऱ्याने टपालाने इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम केला आणि १९३८ पासून माणसं हाताशी घेऊन, यंत्रांशिवाय, रस्ता बांधायला घेतला. पहिली मोटार बेटावर आली १९४७ साली. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता किती वेळा खोदला गेला, हे मी टॅक्सीवाल्या आजोबांना सांगायला गेलो नाही. घाट चढून गेलं की पहिलं गाव लागतं हेल्स गेट, म्हणजे नरकाचं दार. धार्मिक मंडळींनी ते बदलून झायन्स हिल केलं, पण नुकतंच त्या धावपट्टीवर उतरलेल्या माणसाला जुनं नावच पटतं. राजधानीचं नाव आहे द बॉटम, आणि ती आहे डोंगरात वर. इथे नावांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं कळलं.

चार दिवस छान गेले. भाची अभ्यास करायची, ही तिला वरणभात करून घालायची, आणि मी माउंट सीनरीच्या पायऱ्या चढलो. म्हणजे सुरुवातीच्या. वजन उतरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न होता, पण प्रत्येक वळणावर बसायला दगड होते.

निघायच्या दिवशी मी मोबाइलवर विमानाची वेळ बघत होतो. भाची म्हणाली, “मामा, ते नको बघूस. मोजा बघ.” मोजा म्हणजे धावपट्टीजवळच्या खांबावरची वाऱ्याची केशरी पिशवी. ती लोंबत असली तर विमान येतं, फुगून आडवी झाली तर शंका, आणि फडफडायला लागली तर माणसं घरी जातात. नाताळच्या सुमारास सुरू होणारे जोराचे वारे जानेवारीतही असतात. शिवाय विमानं दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे ‘रात्री उशिरा तरी’ हा आपला नेहमीचा दिलासा इथे नाही.

मोजा फडफडत होता. आम्ही तरीही वेळेच्या दोन तास आधी पोचलो, कारण आम्ही पुण्याचे. सामान दिलं, काट्यावर उभे राहिलो. या वेळी मी निश्चिंत होतो. लाडू संपले होते, चकल्या संपल्या होत्या, पिशवीत फक्त रिकामा डबा होता.

“वन नाइंटी-फोर!” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

हिने मोबाइल काढला. कॅल्क्युलेटर उघडला. मी धावपट्टीकडे बघू लागलो. आणि तेवढ्यात, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, विमान रद्द झाल्याची घोषणा मला देवाच्या आवाजासारखी वाटली. वारा आडवा होता, सिंट मार्टेनहून विमान निघालंच नव्हतं. कोणी ओरडलं नाही. कोणी मॅनेजरला बोलवा म्हटलं नाही. एक आजी विणकाम पिशवीत घालून उठल्या आणि सगळ्यांना ‘उद्या भेटू’ म्हणून गेल्या. न्यूयॉर्कचं पुढचं विमान आम्ही दुसऱ्या दिवसाचं घेतलं होतं. ही भाचीची अक्कल, माझी नव्हे. सिंट मार्टेनला एक रात्र हाताशी ठेवा, असं ती पहिल्यापासून सांगत होती, आणि मी हॉटेलचे डॉलर रुपयांत मोजून तिच्याशी वाद घातला होता.

बाहेर आलो तर आम्हाला सोडून गेलेले टॅक्सीवाले आजोबा तिथेच झाडाखाली गाडी लावून पेपर वाचत बसलेले.

“तुम्ही गेला नाहीत?”

त्यांनी पेपरातून मान वर न करता केशरी मोज्याकडे बोट दाखवलं आणि डिकी उघडली.

घाट चढताना ही बराच वेळ गप्प होती. हेल्स गेट आलं तेव्हा तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

“उद्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचंय ना?” ती म्हणाली. “मग आज रात्री तुम्हाला नुसतं वरण.”