स्टॉकब्रिजला गेल्यास जेवण टॅव्हर्नमध्येच घ्यावे

मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिजच्या ‘रेड लायन इन’ या मुक्कामाची सोय असलेल्या जुन्या खाणावळीविषयीचा लेख आवडला, मात्र त्यात आजची इमारत 1773 सालची असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर नाही. 1773 हे खाणावळीच्या स्थापनेचे वर्ष होय. जुनी वास्तू 1896 च्या आगीत नष्ट झाली आणि सध्याची पुढच्याच वर्षी उभी राहिली. यामुळे तिचे मोल मुळीच कमी होत नाही, उलट आगीनंतर इतक्या तातडीने पुन्हा उभारण्याएवढी ती गावाला आपली वाटत होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

लेखकाने मुख्य भोजनगृहाची शिफारस केली आहे. माझे मत वेगळे आहे. पतीच्या निधनानंतर ही खाणावळ स्वतः चालवणाऱ्या अ‍ॅना बिंगहॅम यांच्या स्मरणार्थ ‘विडो बिंगहॅम्स टॅव्हर्न’ असे नाव दिलेल्या, काळपट लाकडाच्या त्या लहानशा दालनात बसल्यावर, प्रवाशाला निवारा आणि गरम अन्न देणे हा अशा जागांचा मूळ धर्म होता, हे मनापासून जाणवते. तेथे टर्कीसारखे साधे, पोटभरीचे न्यू इंग्लंडचे (अमेरिकेच्या या ईशान्य भागाचे) पदार्थच मागवावेत. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी चौकशी करावी.

उन्हाळ्यात जवळच्या टँगलवूडला बोस्टन सिंफनी या वाद्यवृंदाच्या मैफली असतात आणि ऑक्टोबरमध्ये पानगळीचे रंग पाहायला पर्यटकांची रीघ लागते, तेव्हा टेबल आगाऊ राखून ठेवणेच योग्य.