‘गवताचे गोडवे कसले गाता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘मुंबईत बसून पडीक सड्यावरच्या गवताचे गोडवे गायला काय जातं? मार्चमध्ये वणवा माझ्या काजूत शिरला तेव्हा यायचं होतंत. आणि लव्हाळा हे गवत नव्हे, एवढं तरी बघून लिहा,’ असं तुम्ही सड्याच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या कातळमाळाच्या, गवतावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत.

लव्हाळ्याचं आधी, कारण तिथे मी चुकले. काल पऱ्ह्याकडेचा (ओढ्याकाठचा) लव्हाळा उपटून दांडी बोटांत फिरवली, तर तीन धारा लागल्या. गवताची दांडी गोल आणि पेरापेरांची. लेखात दुरुस्ती केली आहे. (मुंबईत मात्र मी बसत नाही. राजापूर तालुक्यात राहते, आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत.)

आता वणवा. काजूचं झाड लहानाचं मोठं करायला किती वर्षं जातात ते मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्या रागावर माझा राग नाही. पण सड्यावर गवत पूर्वीही एवढंच वाढायचं. दिवाळी झाली की विळे निघत. भारे घरी येत, खळ्याच्या कडेला उडवी रचली जाई, जनावरं वर्षभर खात. थोडं गवतारू घराच्या छपरावर जाई, थोडं आंब्याच्या अढीला. उरलासुरला पातेरा-गवत राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला. मार्चपर्यंत सड्यावर जळायला राहायचं काय? आता बैल गेले, नांगराला पॉवर टिलर, छपराला पत्रा, आंबा क्रेटमध्ये. गवत उभ्या उभ्या वाळतं आणि कुणीतरी विडी टाकतो, नाहीतर ‘जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं’ म्हणत मुद्दाम काडी लावतो. तुमचा काजू गेला तो न कापलेल्या गवतापायी. कापायची मजुरी परवडत नाही म्हणाल, तर तेही खरं.

‘पडीक’ हा शब्द मात्र मला खटकला. १९४८ च्या कुळकायद्यानं शेतीच्या व्याख्येत गवत वाढवणं, गुरं चारणं, राबासाठी जमीन वापरणं हे सगळं धरलं आहे. आपल्या वरकस, म्हणजे भातखाचराबाहेरच्या चढावरच्या, जमिनी त्याच. भातखाचर आणि त्याच्या डोक्यावरचं वरकस, दोन्ही मिळून शेत होतं. शिवाय भात, नाचणी, वरी, दारचा बांबू, चहात पडणारी गवती चहाची पात ही सारी गवतंच. गवत वगळलं तर पेजही उरत नाही!

आमची आजी नाचणीत बेणायला (तण काढायला) बसली की हरळीला ठेवणीतल्या शिव्या देई. तुकडा राहिला तर पेरापेराला मुळं धरते, मेली! पण गडग्याच्या कडेची हातभर हरळी ती कधी उपटायची नाही, आम्हालाही हात लावू द्यायची नाही. चतुर्थीच्या पहाटे तिथेच ओणवी होऊन तीन पात्यांचे कोंब खुडायची आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायची. त्या दिवशी हरळीचं नाव दूर्वा. एकदा मी हसले, तर म्हणाली, ‘शेतात आली तर हरळीच गो.’

यंदा दिवाळीनंतर काजूभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, काढाल, तेव्हा कापलेलं गवत तिथेच पेटवू नका. इथेच खाली दोन ओळी लिहा. टेंपो मी पाठवते, भारे बांधायची मजुरीही माझी.